बेघरांची गाणी आणि एक फाडलेला सदरा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाण्यांतल्या मुंबईवर पानभर लेख आला आहे. लेख गोड आहे. चहाबरोबर वाचला, दोन-तीन गाणी गुणगुणून झाली. मग नळाला पाणी आलं म्हणून उठले आणि बादल्या भरता भरता त्यातलं एक वाक्य खड्यासारखं दाताखाली आलं. ज्याला घर नाही त्याची मस्त बेफिकिरी या गाण्यांनी मुंबईला दिली, त्याला ना भाड्याची चिंता ना कुलपाची, असं काहीसं लेखकानं म्हटलं आहे.

मी भायखळ्याच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. २०१३ साली निवृत्त झाले. दर वर्षी माझ्या वर्गात पाच-सहा तरी मुलं फुटपाथवर राहणारी असत. हजेरीपटात त्यांच्या पत्त्याच्या रकान्यात 'अमुक गोदामासमोर', 'तमुक कंपाउंडलगत' असं लिहिलेलं असे. भाड्याची चिंता त्यांच्या आईबापांना चांगलीच होती. फुटपाथलाही भाडं असतं. ते कुणाला द्यायचं हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं आणि त्याचं नाव कुणीच घेत नाही. पाण्याचा हंडा विकत, संडासला पैसे. कुलपाची चिंता नव्हती हे मात्र खरं, कारण कडी लावायला दार नव्हतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबलं तर कात्री तुमच्या हातात आहेच.

पण आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगते, मग दुसऱ्यांची झडती.

१९९१ च्या जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही, आज तो पंचेचाळिशीला आला असेल. आवाज असा, की प्रार्थना म्हणताना बाकीची पोरं मधेच थांबून त्याचं ऐकत बसायची. त्याला मी 'मेरा जूता है जापानी' बसवलं. १९५५ चा 'श्री ४२०', शैलेंद्रचे शब्द, मुकेशचा आवाज. माझ्या वडिलांचं हे लाडकं गाणं, म्हणून माझंही. मुलाकडे बूट नव्हते. माझ्या लेकाचे दिले, ते दोन नंबर मोठे निघाले, पुढे कापूस कोंबला. पंधरा दिवस मधल्या सुट्टीत तालीम केली.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलगा आला तो पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. कडक इस्त्री, तेल लावून चापून पाडलेला भांग. आमच्या एका सरांनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हा तर मॉनिटर दिसतोय. भटक्या कुठे दिसतोय?" मलाही पटलं. कात्री आणली. सदरा खांद्यावर आणि कोपरावर असा दोन ठिकाणी टरकावला, जाळलेल्या बुचाची काजळी गालांना फासली, पट्टीला रुमालाचं गाठोडं बांधून खांद्यावर दिलं. मुलगा काही बोलला नाही. गायला मात्र सुरेख. पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा.

संपल्यावर त्याची आई पडद्यामागे आली. शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे, एका गोदामाच्या भिंतीला टेकून त्यांचं बिऱ्हाड होतं. सदरा तिनं कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पैसे मोजून कडक करून आणला होता. तिनं पोराला एकदा खालवर पाहिलं, पदरानं काजळी पुसली आणि मला म्हणाली, "बाई, आमी रस्त्यावर ऱ्हातो. फाटकं नाय घालत."

भांडली नाही. डबा घेतला आणि पोराचा हात धरून निघून गेली. सोमवारी तो तोच सदरा घालून शाळेत आला. खांद्याला पांढऱ्या दोऱ्याची इतकी बारीक टीप, की जवळ गेल्याशिवाय दिसू नये.

त्या दिवसानंतर ही गाणी लागली की माझं लक्ष चालीवर ठरत नाही. गाणारा काय घालून उभा आहे, त्याच्याजवळ सामान काय आहे, आज रात्री तो पाठ कुठे टेकणार, हेच मी शोधत बसते. बहुतेक वेळा आढळतो तो एकटा तरणा पुरुष. बायको नाही, पोरं नाहीत, खोकणारी म्हातारी आई नाही. गाठोडं इतकं हलकं, की ते घेऊन नाचता येतं. तो नुकताच आलेला असतो नाहीतर कुठेतरी निघालेला असतो. १९५१ च्या 'आवारा हूँ' मध्ये घरबार नाही, संसार नाही असं तो सांगतो आणि पुढे आपण आनंदाचीच गाणी गातो असंही सांगून टाकतो. शैलेंद्रशी माझं भांडण नाही. सिनेमात येण्याआधी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये राबलेला माणूस तो, कष्ट त्याला मी सांगायला नकोत. पण गाणं एकदा त्याच्या हातून सुटलं आणि लोकांनी त्यातली मौज तेवढी उचलली.

'मुसाफिर हूँ यारों' तर आणखी मजेचं. १९७२ चा 'परिचय', गुलजारचे शब्द, किशोरकुमारचा आवाज. घर नाही, ठिकाणा नाही, नुसतं चालत राहायचं. चित्रपटातला तो तरुण शिकलेला आहे आणि एका श्रीमंत वाड्यात मुलांची शिकवणी करायच्या नोकरीवर लागतो. म्हणजे मुक्कामाला वाडा मिळाला! असा ठिकाणा मला बदलीच्या काळात मिळाला असता तर मीही तान घेतली असती.

त्याच १९७२ साली महाराष्ट्रात काय चाललं होतं ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. दुष्काळ होता. माणसं खडी फोडत होती, सुकडी खात होती आणि जी तिथेही टिकली नाहीत ती रेल्वेत बसून इकडे येत होती.

त्यांच्यापैकी एकीची गाठ मला एकोणचाळीस वर्षांनी पडली. २८ फेब्रुवारी २०११ ची रात्र. त्या जनगणनेत मी प्रगणक होते. घरात राहणाऱ्यांची मोजणी आधीचे वीस दिवस चालते, बेघरांची मात्र एकाच रात्रीत उरकायची असते. माझ्याकडे भायखळ्याच्या बाजूचा एक तुकडा आला होता, जे. जे. उड्डाणपुलाच्या अलीकडचा. सोबत एक सहकारी शिक्षक, हातात पॅड, बॅटरी आणि एकोणतीस प्रश्नांचा तक्ता. निजलेल्या माणसाला उठवून त्याची मातृभाषा विचारायची म्हणजे किती लाज वाटते ते ज्यानं केलं त्यालाच कळेल.

पुलाच्या खांबाजवळ एक आजी जागी होती. बसूनच झोपत असावी. उत्तरं पटापट दिली. मातृभाषा मराठी. जन्म जालन्याकडचा. इथे कधीपासून? "बाहात्तरच्या दुस्काळापासनं." मी रकान्यात ३९ लिहिलं. सहकाऱ्यानं सहज विचारलं, तेव्हापासून पुलाखालीच का? आजी म्हणाली, "आमी पुलाखाली नाय आलो बाबा. पूल आमच्यावर आला." खरंच की. पूल झाला २००२ साली.

गाण्यातला मुसाफिर आणि ही आजी एकाच वर्षी निघाले म्हणायचे. तो चालत राहिला, ही त्या खांबापाशी घट्ट बसली. घर नाही, पण ठिकाणा माझ्यापेक्षा पक्का. मी त्या चाळीस वर्षांत लालबाग, करी रोड, डोंबिवली अशी तीन बिऱ्हाडं बदलली.

त्या रात्रीच्या मोजणीतून देशभरात बेघर निघाले साडेसतरा लाखांच्या वर, बृहन्मुंबईत सत्तावन्न हजारांच्या वर. आमच्या तुकड्यातच आमच्या नजरेतून किती निसटले असतील याची मला कल्पना आहे. रात्रपाळीचा वॉचमन, लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून गेलेला, हातगाडीखाली अंग मुडपून झोपलेला. आणि दुसऱ्या टोकाला माझे वडील. गुहागरकडून आलेले गिरणी कामगार. लालबागच्या एका गाळ्यात चौदा जण पाळीपाळीनं राहायचे, त्यामुळे उन्हाळाभर वडील चाळीखालच्या फुटपाथवर वळकटी टाकून झोपत. तेही रस्त्यावरच झोपले, पण त्यांना कुणी बेघर म्हटलं नसतं. त्यांची ट्रंक वर खोलीत होती, खाणावळ ठरलेली होती आणि शिमग्याला जायला गाव होतं. झोपडपट्टी, चाळ आणि फुटपाथ या तिन्हींना 'गरीब वस्ती' म्हणून एकाच पोत्यात भरणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. तुमचे लेखकही तिथेच घसरले आहेत.

वडील अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' गायचे, तेही फुटपाथवर पडल्या पडल्या. आणि त्यांची मुंबईची लावणी. तीत मलबार हिलची इंद्रपुरी आहे आणि लगेच खाली परळमध्ये घाम गाळणारे आहेत. त्याच्याही आधी पठ्ठे बापूरावांनी या नगरीला रावणाची दुसरी लंका म्हटलं. शाहिरांनी मुंबईची भूल घेतली नाही, कारण ती त्यांनी पायी तुडवली होती. नारायण सुर्वे तर तान्हे असताना रस्त्यावर सापडलेले, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलेले. 'माझे विद्यापीठ' मध्ये त्यांनी दुकानांचे आडोसे लिहिले आणि नगरपालिकेची फुटपाथ 'मोफत' होती असं लिहिलं. त्या एका 'मोफत' शब्दात जो चिमटा आहे तो शंभर तानांत नाही.

आणि आमच्या शाळेत आम्ही काय शिकवायचो? विमल लिमयेंची 'घर असावे घरासारखे, नकोत नुसत्या भिंती'. कविता चांगलीच आहे, अर्ध्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात चौकट करून लावलेली आहे. पण फुटपाथवरच्या झोपडीला भिंत एकच असते आणि तीसुद्धा मागच्या गोदामाची. बाकी तीन बाजूंना गोणपाट, ताडपत्री आणि देव. 'नुसत्या भिंती' नकोत हे मी त्या पोरांकडून वर्षानुवर्षं तालासुरात म्हणवून घेतलं. एकाही वर्षी माझी जीभ अडखळली नाही.

सगळी गाणी खोटी आहेत असं मी म्हणत नाही. १९५८ च्या 'फिर सुबह होगी' मधलं साहिरचं 'रहने को घर नहीं है, सारा जहाँ हमारा' ऐका. इक्बालच्या भारदस्त चालीचा सदरा उलटा करून घातला आहे. त्या गाण्यात सामान आहे! हातची गेलेली खोली आहे, बसायचे बाक आहेत, बोरीबंदरावर झोपायला येणं आहे, तिथले हमाल आहेत, हटकणारा शिपाई आहे. इमारती कुणी वाटून घेतल्या तेही आहे. बेघर होणं म्हणजे एकेक वस्तू हातची जाणं, हे या गाण्याला कळलं आहे. माझ्या वर्गातल्या पोरांचं दप्तरही असंच जायचं. सकाळी पालिकेची 'गाडी आली' अशी हाळी झाली की स्टोव्ह, भांडी, गोधडी उचलता उचलता दप्तर मागे राहायचं आणि गाडीत जायचं. मग पोर परीक्षेला रिकाम्या हातानं. तिथल्या बायका रेशनकार्ड आणि मतदार यादीचा कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोलक्यात ठेवायच्या. गाठोड्यात ठेवण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

दुसरं गाणं तुमच्या लेखातलंच. १९५६ च्या 'सी.आय.डी.' मधलं, जॉनी वॉकरवर चित्रित झालेलं 'ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ'. लेखकाला त्यात 'बॉम्बे मेरी जान' तेवढं ऐकू आलं. ते सगळ्यांनाच येतं. त्यातच पुढे एक अंतरा आहे, घर नसलेल्याला इथे हसत हसत 'आवारा' म्हणतात आणि स्वतः गळे कापतात त्याला 'बिझनेस'. पाच वर्षांपूर्वीच्या त्या गाजलेल्या 'आवारा' ला हे उत्तर होतं की नव्हतं ते मला ठाऊक नाही, पण माझ्या लेखी आहे. बेघर आणि आवारा हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढंच मलाही सांगायचं आहे. वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात हा अंतरा बहुधा गाळतात. गेल्या गणेशोत्सवात आमच्याकडेही गाळला. मी गायकाला नंतर विचारलं तर म्हणाला, "आजी, पब्लिकला हुक लाइन लागते."

बरं, पाऊस! हिंदी सिनेमातल्या पावसावर कपाट भरेल इतकी गाणी आहेत. 'श्री ४२०' मध्येच छत्रीखालचं ते प्रेमगीत आहे. पण फुटपाथवरच्या माणसाच्या अंगावर पडणारा पाऊस मला गाण्यात फारसा भेटला नाही. पोटच्या पोराला मध्ये घेऊन रात्रभर उकिडवं बसायचं, ताडपत्रीत साचलेलं पाणी खालून काठीनं उडवायचं, चूल पेटत नाही म्हणून पाव आणायचा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात माझ्या वर्गातली ही मुलं बाकावर डोकं ठेवून झोपायची. मी झोपू द्यायची. इन्स्पेक्शनला एकदा बोलणी खाल्ली.

पाऊस न्यायालयाला मात्र आठवला. १९८१ च्या भर पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना उचलून त्यांच्या गावी पाठवायचा हुकूम तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी काढला होता. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो असं त्यांनी म्हटलं. फुटपाथवर राहायचा हक्क काही दिला नाही, पण पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, त्यांना हलवू नका असं बजावलं. या माणसांविषयी लिहिलेल्या इतक्या ओळींत मला पावसाची सर्वांत स्वच्छ ओळ सापडली ती कोर्टाच्या कागदात.

आता खरी गंमत. साहिरचं ते गाणं आलं १९५८ ला. पुढच्याच वर्षीचा आहे मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा, १९५९. माझा एक जुना विद्यार्थी वकिली करतो, त्यानं मला त्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचून दाखवली. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं, मग ते कसल्याही बहाण्यानं असो. बहाण्यांची यादीही दिली आहे, तिच्यात पहिलं आहे गाणं. मग नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, वस्तू विकायला पुढे करणं. वॉरंटशिवाय पकडता येतं, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीपुरता या कायद्याचा मोठा भाग घटनाविरोधी ठरवला. आपल्याकडे तो अजून आहे.

म्हणजे बघा, बेघर असल्याचं सोंग घेऊन स्टुडिओत गायलं तर पद्म पुरस्कारापर्यंत वाट जाते आणि खरोखरीच्या बेघरानं सिग्नलवर गायलं तर चेंबूरच्या भिक्षेकरी गृहापर्यंत. वासुदेवाचंही तेच. मोरपिसांची टोपी घालून तो प्रत्येक लोककला महोत्सवात रंगमंचावर असतो, शाल-श्रीफळ घेतो. तोच पहाटे डोंबिवली स्टेशनच्या पुलावर चिपळ्या घेऊन उभा राहिला तर कायद्याच्या यादीतला पहिला बहाणा.

कसाऱ्याच्या लोकलमध्ये पूर्वी दोन अंध नवरा-बायको चढायचे. तो बोटांत फरशीचे दोन चपटे तुकडे धरून असा काही ठेका वाजवायचा, की तबलजीनं बघत राहावं. तिच्या गळ्यात पुढे स्पीकर आला. गाणी ठरलेली. 'परदेसी परदेसी', एखादं साईबाबांचं आणि 'गरीबों की सुनो'. हे शेवटचं १९६६ च्या 'दस लाख' मधलं. सिनेमावाल्यांनी भिकाऱ्यांची नक्कल करून गाणं केलं, मग भिकाऱ्यांनी ते सिनेमाकडून उचललं आणि तीस-चाळीस वर्षं त्यावर पोट भरलं. त्या बाईला एकदा ठाण्यापर्यंत रिकामी सीट मिळाली, माझ्या शेजारी बसली. मी विचारलं, तुमच्या आवडीचं गाणं कोणतं? म्हणाली, "आवडीचं गाडीत नाय गात. लोक मोबाइल बघत ऱ्हातात." मग हळू आवाजात गायली ती जात्यावरची ओवी. मला पुरती ऐकूही आली नाही, मुलुंड आलं आणि गर्दी चढली.

बाईचा विषय निघालाच आहे म्हणून. रस्त्यावर राहणारी बाई गाण्यात फारशी नसतेच आणि असली तर आंधळी तरी असते. १९६० चा 'जगाच्या पाठीवर' आमच्या पिढीचा जीव की प्राण, गदिमा आणि बाबूजी दोघेही शिखरावर. 'बाई मी विकत घेतला श्याम' ऐकून आजही डोळे भरतात. पण डोळस बाई रस्त्यावर राहिली असती तर आम्ही डोळे भरू दिले असते का, याबद्दल मला शंका आहे. डोळस बाईला आम्ही आधी विचारलं असतं, नवरा कुठाय? उघड्यावर अंधार पडण्याची वाट पाहत दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया मी शाळेच्या फाटकाशी रोज पाहिल्या. त्यावर चाल कशी लावणार म्हणा.

आणखी एक सांगते आणि आवरतं घेते. मागच्या दिवाळीत आमच्याकडे एका नव्या गृहप्रकल्पाचा मांडव लागला होता. आत फ्लॅटची छोटी प्रतिकृती, बाहेर सनईऐवजी भूपिंदर आणि रूना लैला, 'दो दीवाने शहर में', घरटं शोधणारं जोडपं. १९७७ च्या 'घरौंदा' मधलं ते गाणं. त्या चित्रपटात त्या जोडप्याचे पैसे घेऊन बिल्डर पसार होतो, हे त्या मांडवातल्या टाय लावलेल्या मुलाला मी सांगितलं. तो म्हणाला, "काकू, गाणं पॉझिटिव्ह आहे ना पण."

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच. पुढची जनगणना २०२७ ची आहे, १ मार्च ही तिची संदर्भ तारीख जाहीर झालेली आहे. मागच्या वेळेसारखंच झालं तर आदल्या रात्री बेघरांची मोजणी होईल. त्या रात्री एखादा वार्ताहर प्रगणकासोबत पाठवा. पुरवणीतल्या लेखकांनाच पाठवलंत तर उत्तम, त्यांची भाषा चांगली आहे. त्यांना सांगा, बॅटरी तोंडावर मारू नका, जमिनीवर मारा. नाव आधी विचारू नका, लोक घाबरतात. गाव विचारा. गाव विचारलं की उठून बसतात.

एक दुरुस्तीही छापावी. 'ऐ दिल है मुश्किल' लेखात साहिरच्या नावावर टाकलं आहे. ते मजरूह सुलतानपुरींचं आहे. संगीत ओ. पी. नय्यर, आवाज रफी आणि गीता दत्त. एवढं तरी बघून छापत जा.

माझं नाव छापू नये. सोसायटीच्या गणेशोत्सवाची वर्गणी अजून द्यायची आहे आणि तो वाद्यवृंदाचा गायक आमच्या सेक्रेटरींचा भाचा आहे.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
डोंबिवली (पूर्व)